प्रेमकथेतला राक्षस: स्वतंत्र चित्रपटांतील प्रणय आणि भय यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रेम आणि भय एकत्र गुंफणाऱ्या स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओंबाहेर केलेल्या, चित्रपटांची आवड असणाऱ्यांसाठी आणि तुटपुंज्या पैशांत असा एखादा चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी लिहिले आहे. मुद्दा नीट सांगायचा तर काही चित्रपटांचे शेवट उघड करणे भाग होते, त्यामुळे ज्यांना ते आधी स्वतः पाहायचे आहेत त्यांनी चित्रपटाचे नाव येताच तो परिच्छेद बाजूला ठेवावा.

प्रेमकथेत भूत किंवा राक्षस आला की तो चित्रपट या प्रकारात मोडतो का?

मोडत नाही. झपाटलेल्या वाड्यात राहायला आलेले जोडपे एकमेकांवर प्रेम करत असले, तरी तो भयपटच राहतो, कारण त्या जोडप्याच्या जागी दोन भाऊ घातले तरी गोष्ट फारशी बदलत नाही. पटकथा वाचताना मी एकच गोष्ट तपासतो: प्रेम आणि भीती एकाच मुळातून उगवतात का? ज्या कारणाने ती व्यक्ती हवीहवीशी वाटते त्याच कारणाने तिची धास्तीही वाटली पाहिजे, आणि जवळीक एक पाऊल वाढली की धोकाही तेवढाच वाढला पाहिजे. हे जुळले नाही, तर प्रेक्षक अर्धा वेळ प्रेमकथा पाहतो, अर्धा वेळ भयपट पाहतो आणि दोन्हींकडून उपाशी उठतो.

हा प्रकार अलीकडचा आहे का?

गोष्ट जुनीच आहे. सुंदरी आणि पशूची फ्रेंच कथा १७४० साली छापली गेली आणि १७५६ मधल्या तिच्या संक्षिप्त रूपाने ती घरोघरी पोहोचली. झाँ कॉक्तोने १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या टंचाईच्या फ्रान्समध्ये, तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा नट झाँ मारे याला पशू करायला रोज सुमारे पाच तास लागत असत.

त्याआधीचे १९४२ सालचे ‘कॅट पीपल’ हे उदाहरण आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकाला जास्त उपयोगी आहे. ते अमेरिकेतल्या आरकेओ या स्टुडिओचे होते, म्हणजे आजच्या अर्थाने स्वतंत्र नव्हते. पण निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या हाती स्टुडिओने आधी ठरवलेले शीर्षक आणि जेमतेम १ लाख ३५ हजार डॉलरांच्या आसपासचा खर्च एवढेच ठेवले होते, आणि दुसऱ्या चित्रपटाचे उरलेले सेट वापरून त्याने काम भागवले. नायिका इरेना हिची पक्की समजूत आहे की नवऱ्याच्या मिठीत गेलो तर आपण काळ्या बिबट्यात बदलू. लग्न झालेले, प्रेम आहे, आणि शयनगृहाचे दार मात्र आतून बंद. पूर्ण चित्रपटाचे भय त्या एका बंद दारात मावते. दिग्दर्शक झाक तूर्नर याने जनावर सावलीत ठेवले आणि पैशाची कमतरता गोष्टीच्या पथ्यावर पडली.

सुरुवात एकाच चित्रपटाने करायची असेल तर कोणता पाहावा?

२०१४ सालचा ‘स्प्रिंग’. जस्टिन बेन्सन आणि आरन मूरहेड या जोडीने तो केला. पटकथा बेन्सनची, आणि मूरहेड दिग्दर्शनासोबत छायाचित्रणही सांभाळतो. टोरांटो महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. कॅलिफोर्नियातला एव्हन आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून आहे आणि सुरुवातीलाच ती जाते. मागे काहीच उरत नाही, एका मारामारीमुळे पोलिसांची भीती लागते, म्हणून तो इटलीला निघून जातो. दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतातल्या समुद्रकाठच्या गावात त्याला लुईझ भेटते. ती जनुकशास्त्राची अभ्यासक आहे, हजरजबाबी आहे, आणि कधीकधी भेट अर्धवट टाकून घाईने निघून जाते.

खरी गोष्ट अशी आहे की ती दोन हजार वर्षांची आहे. दर वीस वर्षांनी ती गर्भ धारण करते, त्या गर्भाच्या पेशी वापरून तिचे शरीर स्वतःला नव्याने घडवते, आणि त्या काळात उत्क्रांतीच्या वाटेवरचे जुने जीव तिच्या अंगातून वर येत राहतात: कधी शेपटी, कधी सोंडेसारखे अवयव, कधी काहीतरी लांडग्यासारखे. हे थांबण्याचा मार्ग एकच आहे. ती खरोखर प्रेमात पडली, तर तिचे शरीर हे चक्र सोडून देईल आणि ती चारचौघांसारखी म्हातारी होऊन मरेल.

पटकथेचे कसब इथे दिसते. प्रेमाची किंमत अमरत्व आहे आणि ती किंमत नायकाला नव्हे, तिला चुकवायची आहे. म्हणून एव्हन तिला कितीही आवडत असला तरी निर्णय त्याच्या हातात नाही. तो फक्त सोबत राहू शकतो. त्याने तिचे रूप पाहिल्यानंतर चित्रपट पाठलागाकडे वळत नाही, दोघे चालत राहतात आणि बोलत राहतात. ती आपली व्यवस्था शास्त्रज्ञाच्या भाषेत समजावते आणि तो भाबडेपणाने तिला मध्येच अडवून प्रश्न विचारतो. राक्षसाचे गुपित फुटल्यावर प्रेमकथा संपते, असा आपला समज असतो. इथे ती तिथून खऱ्या अर्थाने सुरू होते. एव्हन ज्याच्या शेतात काम करतो तो म्हातारा विधुर आंजेलो मला तितकाच मोलाचा वाटतो. बायको गेल्यावरही झाडांची निगा राखत राहिलेला माणूस जवळ असल्यामुळे मर्त्य प्रेम कसे असते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

प्रेम आधी रुजवावे की भीती आधी दाखवावी?

प्रेम आधी, पण प्रेक्षकाला चाहूल लागलेली असावी. पहिली वीस-पंचवीस मिनिटे दोन माणसांना द्यावीत, त्यांची एकमेकांशी बोलण्याची लकब प्रेक्षकाच्या ओळखीची होऊ द्यावी, आणि त्या काळात खटकणाऱ्या दोन-तीनच गोष्टी पेराव्यात. नवोदितांच्या पटकथांत मला बहुतेक वेळा उलटे आढळते: पहिल्याच पानावर एक रक्तबंबाळ खून, मग चाळीस पाने प्रेम, आणि त्या चाळीस पानांत वाचकाचे लक्ष फक्त राक्षस परत कधी येतो याकडे. सुरुवातीला धक्का दिला नाही तर प्रेक्षक उठून जाईल, ही भीती मी समजू शकतो, कारण ओटीटीवर बोट कायम पुढच्या चित्रपटावर असते. तरीही मी धक्का मागे ठेवण्याचाच सल्ला देईन.

राक्षस किती दाखवावा?

याचे उत्तर मिनिटांत देता येत नाही. त्याला पाहणारा कोण आहे, यावर ते ठरते. प्रियकराच्या किंवा प्रेयसीच्या नजरेतून राक्षस दिसणार असेल तर तो नीट, उजेडात, चेहऱ्यासकट दिसला पाहिजे, कारण ‘हे पाहूनही तू थांबशील का?’ हाच त्या प्रसंगाचा प्रश्न असतो. अंधारात अर्धवट दिसलेल्या आकृतीवर प्रेम करायला फारसे धैर्य लागत नाही. उलट तो परक्याच्या नजरेतून दिसणार असेल तर एखादी सावली पुरते.

स्वीडिश चित्रपट ‘बॉर्डर’ (२०१८) हे पूर्ण उजेडातले उदाहरण आहे. दिग्दर्शक अली अब्बासी याच्या या चित्रपटाची नायिका टीना सीमाशुल्क अधिकारी आहे आणि माणसाची भीती व अपराधी भावना तिला नाकाने कळते. नटी एव्हा मेलांडर हिचा चेहरा प्रोस्थेटिकखाली, म्हणजे चिकटवलेल्या कृत्रिम कातडीखाली, पूर्ण झाकलेला आहे आणि तरीही तिच्या नाकपुडीची हालचाल, वरचा ओठ किंचित उचलला जाणे, हे सगळे वाचता येते. त्या रंगभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. तिच्यासारखाच ट्रोल (उत्तर युरोपच्या लोककथांतला राक्षस) असलेला व्होरे भेटल्यावर दोघे जंगलात, पावसात आणि तळ्यात मोकळी होतात, तेव्हा आयुष्यभर कुरूप ठरवलेले शरीर आपल्यालाही देखणे वाटू लागते. हा बदल प्रेक्षकाच्या डोळ्यांत घडतो, मेकअपमध्ये काहीही बदललेले नसते.

आमच्याकडे प्रोस्थेटिकला पैसे नाहीत. मग काय करावे?

एकच अवयव निवडावा आणि तो चांगला करावा. पूर्ण अंगाचा रबरी पोशाख स्वस्तात केला की तो स्वस्तच दिसतो, पण एक हात, एक पाठ किंवा एक डोळा यांवर सगळा खर्च केला तर प्रेक्षक उरलेले शरीर स्वतःच्या मनात घडवतो.

एका लघुपटाच्या शूटवर मी मदतीला होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. जुलै महिना, किनाऱ्याजवळचे बंद घर, आणि नटीच्या डाव्या हातावर लॅटेक्सची खवल्यांची कातडी. स्पिरिट गमने चिकटवलेली कड घामाने तासाभरात सुटू लागली आणि मनगटाजवळ कागदासारखी वळली. तिसऱ्या टेकनंतर दिग्दर्शिकेने तो हात पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात ठेवायला सांगितला आणि प्रसंग बदलला: नायक तिचा हात धुऊन देतो आहे. पाण्याखाली कड दिसत नव्हती, खवले मात्र चमकत होते. मूळ पटकथेत तो हात नायकाचा गळा धरणार होता. धुण्याचा प्रसंग त्याहून कितीतरी पटींनी बोलका झाला, कारण त्यात त्याने त्या हाताला स्वतःहून स्पर्श केला होता.

दमट हवेत काम करणाऱ्यांनी एवढे पाळावे: कातडीची चाचणी ज्या घरात शूट आहे त्याच घरात, त्याच वेळी आणि तेवढ्याच दिव्यांखाली आधी घ्यावी, आणि प्रत्येक दिवसासाठी सुटा तुकडा तयार ठेवावा. सोललेला तुकडा पुन्हा लावला की कडा जाड होतात.

ध्वनीचे महत्त्व किती?

माझ्या मते चित्राच्या बरोबरीचे. ‘कॅट पीपल’मध्ये रात्री रस्त्याने एकटी चालणारी ॲलिस, म्हणजे इरेनाच्या नवऱ्याची सहकारी, मागून येणाऱ्या टाचांचा आवाज ऐकते. टक टक टक, आणि मग एक आवाज थांबतो. ती वेगाने निघते, आपण जनावराची वाट पाहतो, आणि फिस्स करत चौकटीत शिरते ती बस. त्या ब्रेकचा आवाज बिबट्याच्या फिसकारण्यासारखा आहे. ही युक्ती पुढे इतकी वापरली गेली की या धंद्यात तिला ल्यूटनच्या बसचे नाव पडले.

प्रेमाच्या प्रसंगातही हेच तत्त्व चालते. दोघे जवळ आल्यावर पार्श्वसंगीत वाढवण्याऐवजी काढून टाकावे आणि श्वास, कपड्यांची सळसळ, घशातला हलका आवाज यांना जागा द्यावी. फोली, म्हणजे असे बारीक आवाज नंतर स्टुडिओत वेगळे मुद्रित करण्याचे काम, नीट झाली तर तोच श्वास एका क्षणी ओढीचा आणि दुसऱ्या क्षणी भुकेचा वाटतो. लोकेशनवर जनरेटरच्या घरघरीत ध्वनिमुद्रण करून ही गोष्ट साधत नाही. पैसा वाचवायचाच असेल तर तो कॅमेऱ्याच्या भाड्यातून वाचवावा.

राक्षस बहुतेक वेळा स्त्रीच का असते?

प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची तक्रारही. स्त्रीच्या देहाची आणि तिच्या इच्छेची भीती ही जुनी गोष्ट आहे, आणि आळशी पटकथा ती भीती जशीच्या तशी उचलते. चांगले चित्रपट तिच्याशी काहीतरी करतात. ॲना लिली अमीरपूर हिचा ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट’ (२०१४) फारसीत आहे, कृष्णधवल आहे, त्यातले इराणी शहर काल्पनिक आहे आणि चित्रण कॅलिफोर्नियातल्या टाफ्ट या तेलविहिरींच्या गावी झाले. पैशांचा एक भाग लोकांनी इंटरनेटवरून दिला. त्यात चादोर हे इराणी स्त्रियांचे अंगभर वस्त्र पांघरून रात्री एकटी फिरणारी रक्तपिपासू मुलगी हीच रस्त्यावरची धोक्याची गोष्ट आहे, आणि घाबरायचे ते पुरुषांनी. शीर्षक वाचून मनात आलेली काळजी चित्रपट अलगद उलटवतो.

पोलंडच्या अंजेय झुवावस्कीने पश्चिम बर्लिनमध्ये केलेला ‘पझेशन’ (१९८१) याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडतो. मोडत चाललेल्या संसारातून बायको ज्याच्याकडे निघून जाते, तो शेवटी एक ओलसर, अवयव फुटलेला जीव निघतो. दिग्दर्शकाचे स्वतःचे लग्न त्याआधी मोडले होते. इझाबेल अजानीला त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, त्यात या भूमिकेचा वाटा होता. तो पाहताना मन घट्ट ठेवावे लागते.

अशा कथांमुळे घातक नात्यांचे उदात्तीकरण होत नाही का?

होऊ शकते, आणि पटकथा लिहिणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. ‘तो चिडतो, पण माझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य राक्षसाच्या गोष्टीत फार सहज खपून जाते. राक्षसपण हा त्याच्या देहाचा स्वभाव आहे की त्याने घेतलेला निर्णय आहे, हे लेखकाला माहीत असले पाहिजे. ‘बॉर्डर’मध्ये हा फरक काटेकोरपणे पाळला आहे. टीनाला आयुष्यात प्रथमच आपल्यासारखा कोणी भेटलेला असतो, तरीही व्होरे लहान मुलांच्या बाबतीत काय करतो हे कळल्यावर ती त्याची बाजू घेत नाही. त्याचा देह तिला आपलासा वाटतो, त्याचे कृत्य वाटत नाही.

प्रेमामुळे राक्षसाचा माणूस व्हावा का?

शक्यतो होऊ देऊ नये, निदान फुकट तरी नाही. शेवटी शाप सुटून देखणा राजपुत्र उभा राहिला, की आपण ज्याच्यावर जीव लावला तोच हरवतो. कॉक्तोच्या चित्रपटातही राजपुत्र समोर येतो तेव्हा सुंदरी क्षणभर खट्टू झालेली दिसते, आणि मला तो त्या चित्रपटातला सर्वांत खरा क्षण वाटतो.

भारतात असे स्वतंत्र चित्रपट होतात का?

थोडे होतात. भास्कर हजारिका याचा असमिया ‘आमिस’ (२०१९) मी सर्वांना आवर्जून पाहायला सांगतो. त्यात दात-नखांचा राक्षस नाही, राक्षस म्हणजे भूक आहे, म्हणून तो या पानावर बसतो असे मी मानतो. गुवाहाटीतली विवाहित बालरोगतज्ज्ञ निर्मली आणि ईशान्येकडच्या मांसाहाराच्या परंपरांवर संशोधन करणारा सुमन, दोघे एकत्र वेगवेगळे मांस खातात. स्पर्श करायचा नाही, ही मर्यादा दोघेही पाळतात. मग सुमन स्वतःच्या मांडीचे मांस शिजवून तिला डब्यात देतो. सभ्यतेने अडवलेली ओढ दुसऱ्या वाटेने फुटते आणि ती वाट भयाण निघते. प्रेम आणि भीती एकाच मुळातून उगवणे म्हणजे काय, हे मला या डब्याइतके स्पष्ट कुठेच दिसलेले नाही. शेवटी पोलीस दोघांना तोंड झाकून पत्रकारांसमोर उभे करतात, आणि तिथे ती दोघे प्रथमच एकमेकांचा हात धरतात.

मराठीपुरते बोलायचे तर भयकथेची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. लोककथांत उलट्या पावलांची हडळ आहे, जखीण आहे, आणि तळकोकणात व गोव्यात तर वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे, म्हणजे धास्ती आणि भक्ती एकाच मूर्तीत. हडळीच्या अनेक कथांत ती माणसाच्या घरात बायको म्हणून नांदते आणि एखाद्या रात्री तिचा हात वीतभर लांब होऊन फडताळातली वस्तू काढतो. तिथे आपली कथा संपते, नवरा किंचाळतो. तो किंचाळला नाही तर? त्याने दुसऱ्या दिवशी फडताळ खाली आणून ठेवले, तर? या प्रश्नावर मराठीत एक पूर्ण चित्रपट उभा राहू शकतो आणि त्याला एक घर, दोन नट आणि एक लांब हात पुरेल.

प्रमाणपत्राची अडचण येते का?

भारतात २०२४ पासून यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन पोटविभाग झाले आहेत आणि त्यावर प्रौढांसाठीचा ए गट आहे. प्रणय आणि रक्त एकाच दृश्यात आले की वरच्या गटाची तयारी ठेवावी. प्रमाणपत्राच्या भीतीने एडिटमध्ये दृश्याचे तुकडे करण्यापेक्षा पटकथेच्या टप्प्यावरच काय सूचित ठेवायचे ते ठरवलेले बरे.

असा चित्रपट कुठे पाठवावा?

स्पेनमधला सिटजेस, दक्षिण कोरियातला बुचॉन आणि अमेरिकेतला फँटॅस्टिक फेस्ट हे महोत्सव या प्रकाराकडे आस्थेने पाहतात. काम अर्धवट असेल आणि सहनिर्माता हवा असेल तर गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत भरणारा फिल्म बाजार जवळचा आहे. अर्ज करताना पहिल्या ओळीत प्रेमाबद्दल लिहावे. राक्षसाचे छायाचित्र सोबत जोडलेले असतेच.

शेवट कसा करावा?

नेहमीचे दोन शेवट म्हणजे राक्षस मरतो किंवा प्रियकर मरतो. दोन्हींत लेखकाची सुटका होते, कारण उद्या सकाळी या दोघांनी कसे राहायचे, हे लिहावे लागत नाही. ‘स्प्रिंग’चा शेवट ते टाळतो. पॉम्पेई हे लुईझचे मूळ गाव आहे, तिचे कुटुंब तिथेच राखेखाली गेले. व्हेसुव्हियस ज्वालामुखी समोर दिसत असताना एव्हन तिला धरून बसतो. तिचे शरीर बदलू लागते की थांबते, हे आपल्याला बराच वेळ फक्त आवाजांवरून ओळखावे लागते, आणि तो मात्र जागचा हलत नाही.

अमीरपूरच्या चित्रपटातला शेवट याहून अवघड आहे. नायक आराश याच्या बापाचा जीव त्या मुलीनेच घेतलेला असतो; तो आणि ती रात्री गाडीने शहर सोडून निघतात, मध्ये मांजर बसलेले असते. ते मांजर आपल्या बापाच्या अखेरच्या रात्री तिथे होते आणि तिलाही ते तिथेच सापडले असणार, हे आराशच्या ध्यानात येते. तो गाडी थांबवतो, उतरतो, हेडलाइटच्या उजेडात येरझाऱ्या घालतो. एकही शब्द नाही. ती आत बसून वाट पाहते, काही समजावत नाही, माफी मागत नाही. मग तो परत येऊन बसतो, आणि गाडी चालू करतो.